अजिंठ्यात ट्रायपॉडशिवाय फोटो: आयएसओ वाढवावा की शटर लांबवावं?

शटरवेडा
अजिंठ्याच्या चित्रांवर फ्लॅशला मनाई आहे, ट्रायपॉडला पुरातत्त्व खात्याची वेगळी परवानगी लागते. म्हणजे पहिल्या लेण्यातला पद्मपाणी (हातात कमळ धरलेला बोधिसत्त्व) कॅमेरा हातात धरूनच टिपायचा. माझं मत: आयएसओ (सेन्सरची उजेडाला संवेदनशीलता) खुशाल ६४०० करा, पण शटर १/५० सेकंदापेक्षा लांबवू नका. आयएसओ वाढवल्याने येणारे दाणे नंतर बरेच कमी करता येतात, हललेला फोटो नाही सावरता येत. लेन्स जितक्या मिमीची, सेकंदाचा तितकावा भाग शटर, म्हणजे ३५ मिमी लेन्सला १/३५ पुरे, हा हिशेब फुल फ्रेमचा (जुन्या ३५ मिमी फिल्मएवढ्या सेन्सरचा). त्याहून लहान एपीएस-सी सेन्सरवर तोच १/५० होतो, आणि फोटो शंभर टक्के मोठा करून बघायचा असेल तर १/१०० धरा.

कातळरेघ
अजिबात पटलं नाही. भिंत हलत नाही, हात हलतो, आणि स्टॅबिलायझेशन (हाताचं हलणं भरून काढणारी कॅमेऱ्यातली किंवा लेन्समधली सोय) त्यासाठीच असतं. एफ २.८ वर (हे लेन्सचं छिद्र; आकडा लहान तितकं छिद्र मोठं) १/५० आणि आयएसओ ६४००, किंवा १/६ आणि ८००, फोटोचा उजळपणा तोच. आयएसओचे तीन स्टॉप (दर स्टॉपला निम्मं) वाचतात. मुकुटाची बारीक रेघ, उडालेले रंगाचे पोपडे, गिलाव्यातल्या भेगा यांच्यासाठीच तर फोटो काढायचा! दाणे घालवताना सॉफ्टवेअर नेमकं हेच पुसतं, चेहरा मेणाचा दिसायला लागतो. बर्स्टवर (बटण दाबून धरून सलग) पाच-सहा फ्रेम घ्या. पहिली बहुधा बटण दाबायच्या झटक्यात जाते, मधली एखादी कडक निघते.

शटरवेडा
स्टॅबिलायझेशन नसलेल्या बॉडीवर १/६ म्हणजे सहाच्या सहा फ्रेम वाया. आणि समोरून पर्यटक सरकत असतील तर ते पुसट येणारच, तिथे स्टॅबिलायझेशनचा काही उपयोग नाही.

उजेडवाट
खांबाला खांदा टेकवा, श्वास अर्धा सोडून थांबा, १/१५ सहज मिळतो. एवढा वाद कशाला?

कातळरेघ
खांबाला हात लावायचा नाही, खांदाही नाही. तिथले खांब कोरीव आहेत, बऱ्याच ठिकाणी रंगाचे अवशेष आहेत. घाम आणि घासणं दोन्ही त्यांच्या मुळावर येतं. त्यापेक्षा खाली बसा, गुडघा उभा करा आणि कोपराच्या जरा वरचा दंडाचा मऊ भाग त्यावर टेकवा. हाडावर हाड ठेवलं की घसरतं.

पावइंची
उभ्यानेच काढायचा असेल तर दोरी वापरा. कॅमेऱ्याखालच्या ट्रायपॉडच्या भोकात पाव इंची बोल्ट, त्याला न ताणणारी सुतळी, तिचा फास दोन्ही पायांखाली. कॅमेरा डोळ्याला लावून वर ओढून धरा. एकाच पायाखाली दोरी घेतली तर फक्त वर-खाली हलणं थांबतं; दोन्ही पायांखाली त्रिकोण झाला की डावं-उजवंही कमी होतं. बोल्टचे आटे पाचेक मिलिमीटरच आत जाऊ द्या, बाकी भाग वॉशर-नटने अडवा. लांब बोल्ट पिळला तर भोकाचा तळ फुटतो.

उजेडवाट
खांबाचं मान्य, चुकलं. पण फोटोतल्या मऊपणाचा, म्हणजे अस्पष्टपणाचा, सगळा दोष हाताला देऊ नका. उजेड मिळावा म्हणून एफ १.८ केलं, तर ३५ मिमीला दोन मीटरवरून फुल फ्रेमवर पुढे-मागे मिळून जेमतेम ३५ सेंमी अंतरातलंच स्पष्ट येतं. भिंतीशी तिरके उभे राहिलात की डोळे स्पष्ट आणि हातातलं कमळ मऊ. आधी सेन्सर भिंतीशी समांतर करा, सिंगल पॉइंट फोकस डोळ्याच्या काळ्या रेघेवर धरा, मग शटरचं बघा.

शटरवेडा
समांतर उभं राहायचं मान्य. स्टॅबिलायझेशन असेल तर १/१५ आणि आयएसओ २००० पर्यंत उतरेन. १/६ तरीही नाही.