इलेक्ट्रोस्पिनिंगला ‘विद्युत कताई’ म्हणावे का?

प्रश्न (सांगली) :
विज्ञान प्रदर्शनासाठी जखमेवरच्या नॅनोतंतूंच्या पट्टीचा मराठी फलक लिहितोय. हे तंतू इलेक्ट्रोस्पिनिंगने काढतात. त्याला ‘विद्युत कताई’ चालेल का? आणि ‘स्कॅफोल्ड’ला, म्हणजे पेशींना वाढायला दिलेल्या तंतूंच्या आधाराला, काय लिहू?

उत्तर (विटा) :
कताई मला पटत नाही. आमच्याकडे मागावरचा माणूस सूत हातात घेतलं की आधी पीळ बघतो. कातणं म्हणजे पेळूतून तंतू ओढायचे आणि चातीवर पीळ देत सूत करायचं. इथे चातीही नाही, पीळही नाही. सिरिंजमध्ये पॉलिमरचं द्रावण असतं, सुईला साधारण १० ते ३० किलोव्होल्टचा विद्युतदाब देतात. टोकाला लोंबणारा थेंब विजेच्या ओढीने निमुळता होतो. तोच टेलर शंकू. ब्रिटिश भौतिकशास्त्रज्ञ जेफ्री टेलर यांनी १९६४ मध्ये त्याचं गणित मांडलं. शंकूच्या टोकातून बारीक धार सुटते, हवेत फटकारे मारत ताणली जाते, द्रावक उडून जातो आणि समोरच्या पत्र्यावर तंतू साचतात. जाडी बहुधा काहीशे नॅनोमीटर. म्हणून मी ‘विजेच्या ओढीने तंतू काढणे’ लिहीन. लांबलचक आहे, पण वाचणाऱ्याला क्रिया दिसते. साचतं त्याला कापडही म्हणू नका. उभे-आडवे धागे नाहीत, तो पापुद्रा.

उत्तर (कराड) :
पिळाचा मुद्दा मान्य, पण नायलॉनचा धागा काढतानाही वितळलेलं पॉलिमर छिद्रांतून ओढतात, पीळ नंतर देतात. तरी त्याला स्पिनिंगच म्हणतात. ‘कताई’चा अर्थ तेवढा रुंदावायला माझी हरकत नाही.

स्कॅफोल्डला मात्र ‘सांगाडा’ अजिबात लिहू नका. सांगाडा कायम राहतो. ‘परांची’ लिहा. बांधकाम झालं की परांची उतरवतात, इथेही पेशी तंतूंना धरून वाढतात, स्वतःचं कोलॅजन (ऊतींना बळकटी देणारं प्रथिन) तयार करतात आणि आधार हळूहळू विरघळतो. पीएलजीए या पॉलिमरचा काही आठवड्यांत किंवा महिन्यांत, पॉलिकॅप्रोलॅक्टोन या दुसऱ्या पॉलिमरचा जायला दोनेक वर्षं लागतात. मज्जातंतूंसाठी तर फिरत्या ढोलावर तंतू एका दिशेने गोळा करतात, म्हणजे वाढही त्याच दिशेने होते.

प्रश्नकर्ता :
‘परांची’ घेतो, प्रदर्शनाला येणाऱ्या गवंड्यालाही कळेल. तंतूवर येणाऱ्या ‘बीड्स’ना ‘गाठी’ लिहिलंय.

उत्तर (विटा) :
गाठ नको. गाठ म्हटलं की सूत तुटून जोडलंय असं वाटतं. द्रावण फार पातळ असलं की तंतूवर जे फुगीर थेंब राहतात ते ‘मणी’.