वर्ग नसलेल्या विद्यापीठाने संशोधन का करावं?

पायवाट

मिल्टन कीन्सला राहायला येऊन सात वर्षं झाली. घरापासून सायकलने पंधरा मिनिटांवर वॉल्टन हॉल आहे, म्हणजे ब्रिटनच्या ओपन युनिव्हर्सिटीचं मुख्य ठाणं. भलं मोठं आवार, पण पदवीच्या विद्यार्थ्यांची वर्दळ नाही, कारण ते सगळे आपापल्या घरी शिकतात. मागच्या महिन्यात भारतातून आलेल्या काकांना तिथे फिरवत होते, तर ते म्हणाले, "शिकवणं पडद्यावरून, मग या प्रयोगशाळा कशाला?" तेव्हा मला नीट उत्तर देता आलं नाही. ते इथे देते.

1969 साली स्थापना झाली, 1971 च्या जानेवारीत शिकवणं सुरू झालं. प्रवेशाला आधीच्या शिक्षणाची अट नाही. असं विद्यापीठ संशोधनात दुय्यमच असणार असं वाटतं ना? 2014 साली युरोपीय अवकाश संस्थेच्या रोझेटा मोहिमेतलं फिली हे यान 67पी या धूमकेतूवर उतरलं. त्यातलं वायू तपासणारं टॉलेमी हे उपकरण इथल्या लोकांनी रदरफोर्ड अ‍ॅपल्टन प्रयोगशाळेच्या साथीने बनवलं होतं. मंगळावर उतरवायचं बीगल 2 हे यान इथल्याच कॉलिन पिलिंजर यांचं. 2003 च्या नाताळात ते उतरायचं होतं, संदेश आलाच नाही, सगळ्यांनी अपयश म्हणून सोडून दिलं. 2015 मध्ये कक्षेतल्या यानाच्या छायाचित्रांत ते मंगळावर धड उतरलेलं सापडलं, काही सौरपट्ट्या तेवढ्या उघडल्या नव्हत्या. पिलिंजर आदल्याच वर्षी गेले होते. हे आठवलं की मला अजून गलबलतं.

आणि नुसतं अवकाश नाही. सांस्कृतिक अभ्यास या शाखेचा पाया घालणाऱ्यांपैकी एक, स्टुअर्ट हॉल, 1979 पासून 1997 पर्यंत इथे समाजशास्त्राचे प्राध्यापक होते. दक्षिण आशियातून ब्रिटनमध्ये आलेल्या माणसांनी 1870 ते 1950 या काळात तिथलं जगणं कसं घडवलं, याचा शोध घेणारा प्रकल्प इथूनच चालवला गेला. त्यात नाशिकला जन्मलेल्या आणि ऑक्सफर्डला कायदा शिकलेल्या कॉर्नेलिया सोराबजीही आहेत. शिवाय आयस्पॉट. 2009 मध्ये सुरू झालेल्या या उपक्रमात कुणीही किडा-फुलाचा फोटो टाकायचा आणि जाणकारांनी ओळखायचा. सहा वर्षांच्या एका मुलीला खिडकीच्या चौकटीवर दिसलेला पतंग ब्रिटनमध्ये त्याआधी कधी नोंदलाच गेला नव्हता!

माझं म्हणणं सरळ आहे. स्वतः शोध न घेणारं मुक्त विद्यापीठ म्हणजे दुसऱ्यांनी शोधलेलं गठ्ठ्याने वाटणारी वखार. यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठ (1989) आणि इग्नू (1985) यांच्याकडूनही आपण हीच अपेक्षा ठेवायला हवी.

समंत्रक

पूर्ण असहमत, आणि चौदा वर्षं दर रविवारी मुक्त विद्यापीठाच्या अभ्यासकेंद्रावर विद्यार्थ्यांसोबत बसल्यावर हे लिहितोय.

माझ्याकडे सिन्नरहून एक बाई येतात. पहाटे गोठा, मग शेत, मग एसटी. त्यांना धूमकेतू नको आहे. त्यांनी लिहिलेला स्वाध्याय कुणीतरी ओळ न ओळ वाचावा आणि समासात बरोबरच्या खुणेपलीकडे काहीतरी लिहावं, एवढंच हवं आहे. मुक्त विद्यापीठाचं पहिलं आणि शेवटचं कर्तव्य हे. वेळ आणि पैसा मोजका असतो, तो प्राध्यापकाने शोधनिबंधाला दिला की या बाईंच्या वाट्याचा कमी होतो.

तुमच्याच विद्यापीठात 2018 मध्ये काय झालं ते तुम्ही लिहिलं नाहीत. तिथले प्राध्यापक वर्षानुवर्षं न शिकवता निभावून नेतात, अशा अर्थाचं कुलगुरू बोलले, वादळ उठलं, त्यांनी माफी मागितली आणि एप्रिलमध्ये पद सोडलं. त्यांनी मांडलेली कपातीची योजना मलाही मान्य नाही. पण घरी बसलेल्या विद्यार्थ्याला शिकवतं कोण, हा प्रश्न खोटा होता का? तिथे त्याच्याशी रोज बोलणारे हजारो अर्धवेळ शिक्षक कित्येक वर्षं मुदतीच्या करारावर होते. त्यांना कायम करायला 2022 उजाडलं. मंगळावर आधी पोचले!

रात्रपाळी

समंत्रक सर, तुमच्यासारखे शिक्षक मिळायला नशीब लागतं. पण मी दुसरी बाजू भोगली आहे. कारखान्यात रात्रपाळी करून दूरशिक्षणाने पदवी घेतली, कुठल्या विद्यापीठातून ते लिहीत नाही. संगणकाच्या पुस्तकात फ्लॉपीवर अख्खा धडा होता आणि तोवर फ्लॉपी केव्हाच कालबाह्य झाली होती, आमच्या कारखान्यात ती कुणी पाहिलीही नव्हती. पुस्तक ज्यांनी लिहिलं ते बहुधा त्या विषयात पुढे काही करतच नव्हते. वर्गात मास्तर तोंडी सुधारून घेतो. आमच्याकडे छापलेलं तेच ब्रह्मवाक्य. म्हणून लिहिणारा माणूस ताजा लागतो.

भूगोलवेडा

रात्रपाळी यांच्याशी सहमत. डोरीन मॅसी यांचं उदाहरण घ्या. 1982 ते 2009 त्या ओपन युनिव्हर्सिटीत भूगोलाच्या प्राध्यापक. एखादी जागा म्हणजे कुंपण घातलेला तुकडा नव्हे, जगभरातले संबंध जिथे एकमेकांना छेदतात तो बिंदू, हे सांगताना त्या लंडनमधल्या आपल्या राहत्या भागातला किलबर्नचा रस्ता वर्णन करतात. दुकानं, साड्या, आयरिश वृत्तपत्रं. तिथे अभ्यासक्रम एकटादुकटा लिहीत नाही, गट मिळून लिहितो, आणि त्या गटात मॅसी असायच्या. म्हणजे हा विचार संशोधकांच्या पत्रिकेत आला तसाच नोकरी करून शिकणाऱ्याच्या टपालातही आला. इथे संशोधन आणि शिकवणं वेगळं काढून दाखवा.

समंत्रक

मॅसी मान्य. हॉलही. त्यांना विद्यापीठाबाहेरच्या माणसांशी बोलायचं होतं, म्हणून ते तिथे गेले. जोसेलिन बेल बर्नेल यांचं नाव कुणी घेतलं नाही, मी घेतो. पल्सार, म्हणजे ठरावीक ठेक्यात रेडिओ लहरी पाठवणारे तारे, त्यांनी 1967 मध्ये केंब्रिजला शोधले. त्यानंतर त्या कित्येक वर्षं ओपन युनिव्हर्सिटीच्या अर्धवेळ शिक्षिका होत्या, प्राध्यापक 1991 मध्ये झाल्या. मला त्या शिक्षिकेबद्दल जास्त आदर वाटतो. माझा विरोध ज्ञानाला नाही. खर्चिक यंत्रांना आहे.

पायवाट

करारावरच्या शिक्षकांचा मुद्दा मी लिहायला हवा होता. ती माझी चूक.

पण यंत्रांचा पैसा विद्यार्थ्यांच्या फीचा नसतो. अवकाशातल्या उपकरणांना विज्ञान संस्थांकडून त्या-त्या प्रकल्पापुरतं अनुदान मिळतं. ते नाकारलं तर दुसऱ्या विद्यापीठाला जाईल, सिन्नरच्या बाईंना नाही. प्राध्यापकाचा वेळ मात्र खरंच वाटला जातो, हे मानते.

आता तुमच्या कामाचं संशोधन सांगते. विद्यार्थी अभ्यासक्रमाची पानं किती वेळा उघडतो, स्वाध्याय कधी देतो, यावरून कोण मधेच सोडणार याचा अंदाज बांधण्याची पद्धत इथे तयार झाली. दर आठवड्याला शिक्षकाला यादी मिळते, तो फोन करतो. 32,593 विद्यार्थ्यांची, नावं काढून टाकलेली माहिती 2017 मध्ये जगाला खुली केली. वर्गात रिकामा बाक दिसतो. घरी शिकणारा गळाला तर कळायचं कसं? हा प्रश्न ऑक्सफर्डला पडणारच नाही. तो मुक्त विद्यापीठालाच सोडवावा लागतो.

रात्रपाळी

मी दुसऱ्या वर्षी आठ महिने सोडलं होतं. वडील आजारी होते. कुणाला कळलंही नाही. एक फोन आला असता तरी वर्ष वाचलं असतं.

भूगोलवेडा

यात आपल्याकडची एक अडचण जोडतो. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या (यूजीसी) नियमांनुसार दूरशिक्षणाने पीएच.डी. करता येत नाही. नियम योग्य आहे, मार्गदर्शकाच्या सहवासाशिवाय संशोधन शिकता येत नाही. पण त्यामुळे संशोधन हे आपलं कामच नाही, अशी समजूत होऊन बसते. पीएच.डी. ही संशोधनाची एक वाट आहे, एकमेव नाही. आयस्पॉटवरच्या त्या मुलीला कुणी नोंदणी क्रमांक विचारला नव्हता.

समंत्रक

यादीवाली पद्धत मला हवी आहे. लगेच. पण यादी फोन करत नाही, माणूस करतो, आणि त्या माणसाचे तास आधी वाढवा. मत बदललेलं नाही.

तरी एक गोष्ट दोन दिवस डोक्यातून जात नाहीये. त्याच सिन्नरच्या बाईंनी एका स्वाध्यायाला वही जोडली होती. तीन वर्षं चाळीत, म्हणजे कांदा साठवायच्या हवेशीर कोठारात, ठेवलेल्या उन्हाळ कांद्याची नोंद. दर पंधरवड्याला किती सडला, किती कोंब फुटला, वजन किती घटलं. अक्षर वेडंवाकडं, पण एक पंधरवडा चुकलेला नाही. मी दहापैकी सात गुण दिले, समासात "छान" लिहिलं आणि वही परत केली. येत्या रविवारी त्या आल्या तर ती पुन्हा मागणार आहे.

भूगोलवेडा

जरूर मागा. कांद्याची जात, चाळीचं तोंड कुठल्या दिशेला आणि पत्रा की कौलं, हे लिहिलेलं आहे का बघा. नसेल तर आताच विचारून घ्या, त्यांना आठवत असेल. आणि वहीच्या फोटोंवर त्यांचं नाव राहू द्या.