रॉक गार्डनमधल्या झाडांच्या चटया मधूनच कुजतायत, मदत हवी आहे

नमस्कार मंडळी,

दोन वर्षांपूर्वी मोठ्या हौसेनं रॉक गार्डन केलं, म्हणजे दगडांमध्ये बुटकी झाडं लावलेली बाग. जमिनीवर चटईसारखे पसरणारे रांगता थाइम, मॉस फ्लॉक्स, सॅक्सिफ्रागा आणि ज्याच्यासाठी हा सगळा खटाटोप, ते गच्च गोळ्यासारखं वाढणारं डोंगरी झाड, सायलिनी अकॉलिस. पहिलं वर्ष दृष्ट लागावी असं गेलं. या हिवाळ्यानंतर मात्र थाइम आणि फ्लॉक्सच्या चटया मधोमध काळ्या पडल्यात. कडा हिरव्यागार आहेत, पण चार बोटं आत गेलं की तपकिरी, आणि मध्यावर दाबलं की लिबलिबीत. काडी ओढली तर मूळ येत नाही, नुसती साल हातात येते आणि कुबट वास येतो. सॅक्सिफ्रागाला काहीच झालेलं नाही. ते दोन दगडांच्या फटीत लावलंय.

फूटभर खड्डा घेऊन तळाशी निचऱ्यासाठी चार इंच खडी टाकली होती. वर बागेतली माती आणि शेणखत निम्मं निम्मं. कुंडीतली रोपं मुळांच्या गोळ्यासकट लावली. थंडीनं मरू नयेत म्हणून डिसेंबरात वर पाचोळ्याचा जाड थर दिला. ही बुरशी आहे का, औषध फवारू का? सायलिनीचा गोळा अजून घट्ट आहे, तो उचलून दुसरीकडे हलवू का? ते गेलं तर मला फार वाईट वाटेल.

प्रतिसाद

फवारणी करू नका. बुरशी असली तरी ती मागून आलेली आहे, मूळ दुखणं ओल आहे. ही झाडं शून्याखाली कितीतरी अंश सहज सोसतात. डोंगरावर हिवाळाभर ती बर्फाखाली असतात आणि तिथे पाणी गोठलेलं असल्यामुळे बुंधा कोरडाच राहतो. तुम्ही प्रेमानं घातलेला पाचोळा भिजून महिनोन्‌महिने अंगाला चिकटून राहिला. आधी तो हातानं वेचून काढा.

तळाच्या खडीचं म्हणाल तर हा गैरसमज फार जणांचा आहे. बारीक माती पुरती भिजून तुडुंब होईपर्यंत खालच्या भरड थरात पाणी सोडतच नाही. ओला स्पंज आडवा धरून बघा, ठिबकणं थांबलं की उभा करा, आणखी पाणी गळतं. म्हणजे पाणी निघून जायला मातीची उंची लागते. तळाच्या थरानं तुमची ती उंचीच चार इंचांनी कमी केली. खडी खाली नको, मातीत सगळीकडे मिसळलेली हवी. मी दोन भाग बारीक खडी, एक भाग माती, एक भाग चाळलेलं पानांचं खत घेतो. शेणखत अजिबात नाही, त्यानं वाढ लुसलुशीत होते आणि अशीच वाढ आधी सडते. बुंध्याभोवती दोन-तीन सेंटीमीटर खडीचा थर द्या, म्हणजे पानं ओल्या मातीला टेकणार नाहीत. तुमच्या सॅक्सिफ्रागाला फटीत हेच सगळं आयतं मिळालंय.

प्रतिसाद

वरच्यांशी सहमत. थाइमच्या कडेच्या फांद्यांना जमिनीला टेकलेल्या जागी मुळं फुटलेली असतील. तेवढे तुकडे कापून नव्या मिश्रणात लावा, मधला भाग सरळ टाकून द्या. फ्लॉक्सच्या बिनफुलाच्या शेंड्यांची छाटकलमंही छान लागतात.

सायलिनीला मात्र हात लावू नका! त्याचं सोटमूळ खोल जातं, उचलताना ते तुटलं की झाड गेलंच म्हणून समजा. गोळ्याची कड अलगद उचलून खाली बारीक खडी सरकवा आणि वरून थोडी कोरडी खडी भुरभुरवून बोटांनी फांद्यांमध्ये उतरू द्या. जपलंत तर झाड आपल्यामागेही राहील. डोंगरावरचे काही गोळे शंभराहून जास्त वर्षांचे आहेत.

धागाकर्ता

मनापासून आभार. आज पाचोळा काढला. थाइम उपटलं तर कुंडीतला मुळांचा गोळा दोन वर्षांनीही कुंडीच्याच आकारात निघाला, पिळल्यावर पाणी येईल इतका ओला. एकही मूळ बाहेर मातीत गेलेलं नव्हतं. नवीन रोपं लावताना हा गोळा फोडायचा का?

प्रतिसाद

हो. बादलीत बुडवून गोळ्यातलं कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) बरंचसं धुऊन काढा, मुळं पसरून लावा आणि ती मातीत शिरेपर्यंत पाण्याकडे लक्ष ठेवा. सोटमुळाची रोपं मात्र अगदी लहान असतानाच आणा, मोठी झालेली धुवायला जाऊ नका.