मदत हवी आहे : ब्रेक लावताना स्टिअरिंग थरथरते, दोष डिस्कचा की हबचा?

माझ्या जुन्या स्पोर्ट्स कारमध्ये ताशी 100 किलोमीटर वेगात असताना हलका ब्रेक लावला, की 80 च्या आसपास स्टिअरिंग थरथरू लागते आणि पेडलही पायाखाली धडधडते. ब्रेक न लावता मात्र त्याच वेगाने गाडी अगदी स्थिर धावते, म्हणून चाकांच्या बॅलन्सिंगवर माझा फारसा संशय नाही. पुढच्या डिस्क व पॅड बदलल्यावर त्रास थांबला होता, पण काही महिन्यांतच तो परतला, आणि मला खरी काळजी याचीच वाटते.

डायल गेज (सूक्ष्म हालचाल मोजणारे घड्याळी मापक) लावून पाहिले असता डाव्या डिस्कच्या कडेजवळ 0.09 मिलिमीटर रनआउट, म्हणजे फिरताना बाजूला होणारे डोलणे, दिसतो, उजवीकडे 0.03. डाव्या हबवर (डिस्क व चाक ज्यावर बसतात तो फिरणारा भाग) स्टडच्या, म्हणजे चाकाचे नट ज्यांवर बसतात त्या बोल्टांच्या, मुळाशी गंजाचा पातळ थर आहे. एवढ्या रनआउटमुळे डिस्क दर फेऱ्याला पॅडला घासून तिची जाडी असमान होते, हे पटते. पण खालच्या कंट्रोल आर्मच्या (चाकाला गाडीच्या सांगाड्याशी जोडणारा सस्पेन्शनचा दांडा) रबरी बुशांनाही बारीक चिरा आहेत.

गंज काढून, डिस्क एक स्टड पुढे फिरवून पुन्हा मोजावे, की आधी डिस्क उतरवून हबचाच रनआउट आणि बेअरिंगमधला प्ले (ढिलेपणा) तपासावा? झिजलेले बुश थरथर केवळ वाढवतात, की तेच मूळ कारण असू शकतात? असा दोष ज्यांनी स्वतः शोधून काढला आहे, त्यांनी कृपया तपासणीचा क्रम सांगावा.