चर्चा: तंत्रज्ञान शिकायला हौशी लोकांचे ब्लॉग वाचावेत का?

तारजोडणी
अधिकृत कागदपत्रं आहेत, मोठी पोर्टलं आहेत, मग एकट्या माणसाचा ब्लॉग कशाला वाचायचा, असं हल्ली सारखं ऐकू येतं. मला हे अजिबात पटत नाही. २०२१ची गोष्ट घ्या. जीटीए ऑनलाइन हा गेम सुरू व्हायला अनेकांच्या संगणकावर पाच-सहा मिनिटं लागायची. वर्षानुवर्षं खेळाडू कुरकुरत होते. शेवटी एका हौशी प्रोग्रामरने, सोर्स कोड हाताशी नसताना, प्रोफायलर (प्रोग्रामचा वेळ नेमका कुठे जातो ते दाखवणारं साधन) लावून कारण हुडकलं आणि ब्लॉगवर मांडलं. सुरुवातीलाच १० एमबीची एक जेसन फाइल (साध्या मजकुरात माहिती साठवलेली फाइल) वाचली जायची. तिच्यातला एकेक तुकडा उचलताना गेम उरलेल्या अख्ख्या मजकुराची लांबी नव्याने मोजायचा. वर सुमारे ६३,००० नोंदींतली प्रत्येक नवी नोंद आधीच्या नोंदींशी एकेक करून ताडली जायची. दोन्हीवर पॅच, म्हणजे दुरुस्तीचा कोड, लावल्यावर वेळ जवळपास ७० टक्क्यांनी घटला. गेम बनवणाऱ्या रॉकस्टार कंपनीने अपडेट काढला आणि त्याला १०,००० डॉलर दिले.

आधी शंका, मग मोजमाप, मग कोड, असा त्या लेखाचा क्रम आहे. शंका कुठे घ्यायची हे मॅन्युअल शिकवत नाही.

कोरडी_शाई
असहमत. असे लेख गाजतात म्हणून दिसतात. बाकीच्या ढिगाचं काय? लिनक्सवर परवानगीची अडचण आली की 'सीएचमॉड ७७७ द्या' (म्हणजे सगळ्यांना सगळ्या परवानग्या देणारी कमांड द्या) म्हणणारे ब्लॉग आजही सापडतात. काम होतं, पण मग त्या फाइलमध्ये मशीनवरचा कुठलाही युजर लिहू शकतो, हे तिथे कुणी सांगत नाही. नवी मुलं तेच उचलून सर्व्हरवर आणतात आणि निस्तरायचं आम्ही. अधिकृत कागदपत्रांवर बहुधा आवृत्ती असते, चुका दुरुस्त होतात. ब्लॉगवाला लिहून मोकळा होतो. प्यू रिसर्च या अमेरिकी संशोधन संस्थेच्या २०२४च्या अहवालानुसार २०१३मधली ३८ टक्के वेबपानं दहा वर्षांनी उघडतच नव्हती. भिस्त ठेवायची कशावर?

दुपारचा वाचक
७७७बद्दल शंभर टक्के सहमत. पण 'ही ओळ चिकटवा' छापाच्या लेखनाची बाजू इथे कुणीच घेत नाहीये. डॅन लू या ब्लॉग लिहिणाऱ्या प्रोग्रामरने कळ दाबल्यापासून अक्षर पडद्यावर उमटेपर्यंतचा वेळ जुन्या-नव्या संगणकांवर हाय-स्पीड कॅमेऱ्याने मोजला आणि २०१७मध्ये कोष्टकच मांडलं. १९८३चा ॲपल टू-ई ३० मिलिसेकंदांत उत्तर देत होता. कित्येक नवी मशीनं त्याच्या दुप्पट-तिप्पट वेळ घेत होती. आपलं नवं मॉडेल इतक्या जुन्या यंत्रापुढे हरतंय असं कोष्टक कुठली कंपनी छापेल?

कोरडी_शाई
मोजून लिहिणाऱ्यांशी माझा वाद नाहीच. पण नवशिक्याने ते ओळखायचे कसे? त्याला दोन्ही लेख सारखेच भारदस्त वाटतात. सुरुवात अधिकृत कागदपत्रांपासूनच व्हावी, यावर मी ठाम आहे.

तारजोडणी
सुरुवातीपुरतं मान्य. पण ओळखता येतं हो. तारीख आणि आवृत्ती दिली आहे का, उपाय का चालला हे सांगितलंय का आणि काय काय करून पाहिलं नि फसलं तेही लिहिलंय का, एवढं बघा. मी सर्वांत जास्त वजन शेवटच्या खुणेला देते. अधिकृत कागदपत्रांत फसलेले प्रयत्न क्वचितच असतात आणि अपरात्री सर्व्हर अडकला की नेमके तेच हवे असतात, कारण तोवर आपणही तेच करून बसलेलो असतो. पानं गायब होतात हे खरंच आहे. म्हणून कामाचा लेख दिसला की मी तो लगेच वेबॅक मशीनमध्ये (वेबपानांच्या जुन्या प्रती जपणाऱ्या साइटवर) जतन करते.

नवी_पाटी
मध्येच विचारते, ७७७ नाही तर मग काय द्यायचं?

कोरडी_शाई
आधी 'एलएस -एल' देऊन फाइलचा मालक आणि ग्रुप बघा. बऱ्याचदा मालकच चुकीचा असतो, तो 'चाऊन'ने बदलला की भागतं. आणि कमांड देण्याआधी 'मॅन चाऊन' देऊन तिचं मॅन्युअल वाचा.