यूजर रिसर्चमध्ये भाग घेणाऱ्या स्वयंसेवकांना मानधन द्यावे का?

प्रश्न

नमस्कार. आम्ही एक मुक्त सॉफ्टवेअरचा प्रकल्प चालवतो. त्याचे प्रोग्रामिंग, भाषांतर आणि नव्या वापरकर्त्यांचे शंकानिरसन ही सगळी कामे स्वयंसेवक कोणताही मोबदला न घेता करीत आले आहेत. आता देणग्यांतून काही निधी जमल्यामुळे आम्ही प्रथमच पद्धतशीर यूजर रिसर्च, म्हणजे वापरकर्त्यांच्या गरजा आणि अडचणी यांचा अभ्यास, करणार आहोत; त्यात प्रत्येकाची साधारण तासाभराची मुलाखत आणि नव्या आराखड्याची चाचणी असेल. भाग घेणाऱ्यांना मानधन द्यावे, असे मला वाटते. काही सहकाऱ्यांना मात्र ते पटत नाही. जो माणूस एरवी तासन्‌तास विनामूल्य राबतो त्याला एका तासाच्या संभाषणाचे पैसे देणे म्हणजे त्याच्या उरलेल्या कामाची किंमत शून्य ठरवणे होय, असे त्यांचे म्हणणे आहे. शिवाय पैसे घेतलेला माणूस आपल्याला बरे वाटेल तेच बोलेल, अशी शंकाही त्यांनी काढली आहे. या विषयाचा अनुभव असणाऱ्यांनी कृपया मत द्यावे.

उत्तर १

माझा व्यवसायच यूजर रिसर्चचा आहे आणि माझे मत मानधन द्यावे असेच आहे. आपले सहकारी ज्या दोन प्रकारच्या कामांची तुलना करीत आहेत, ती मुळात सारखी नाहीत. भाषांतर करणारी व्यक्ती काय करायचे, केव्हा करायचे आणि कुठे थांबायचे हे स्वतः ठरवते, आणि केलेल्या कामाचे श्रेयही तिला मिळते. मुलाखतीत विषय आपण ठरवतो, प्रश्न आपले असतात, संभाषण ध्वनिमुद्रित होते आणि त्यातून निघालेले निष्कर्ष आपल्या अहवालात जातात. त्या खोलीतील संशोधकाला आणि डिझायनरला त्या तासाचे पैसे मिळत असतील, तर ज्याच्या उत्तरांवर सगळे अवलंबून आहे त्या एकट्यालाच काही न मिळणे मला अन्यायाचे वाटते.

याहून गंभीर प्रश्न न येणाऱ्यांचा आहे. विनामूल्य बोलावल्यास ज्यांच्याजवळ मोकळा वेळ आहे आणि ज्यांना प्रकल्पाविषयी आधीपासूनच आस्था आहे, तेच बहुतेक येतात. पाळीत काम करणारे, घरात लहान मूल किंवा आजारी माणूस असणारे, आणि आपले सॉफ्टवेअर दोनदा उघडून वैतागून सोडून दिलेले लोक येत नाहीत. वास्तविक आपल्याला सर्वाधिक शिकवू शकतील असे हेच लोक असतात. पाच जणांच्या चाचणीत बहुतेक अडचणी दिसून येतात, हे वापरसुलभतेचे तज्ज्ञ याकोब नील्सन यांनी २००० साली मांडलेले सूत्र सगळेच वापरतात, पण ते एकाच प्रकारच्या वापरकर्त्यांपुरते आहे. पाचही जण जुने निष्ठावंत असतील, तर नवख्या माणसाची अडचण त्या चाचणीत उमटणारच नाही.

उत्तर २

मी अशाच एका प्रकल्पासाठी भाषांतर करते आणि मला वरील मत पूर्णपणे मान्य नाही. बाहेरच्या वापरकर्त्यांना जरूर मानधन द्यावे. परंतु जे स्वतःला प्रकल्पाचा भाग मानतात त्यांच्या हाती पाकीट ठेवले, तर नाते बदलते. उरी नीझी आणि आल्दो रुस्तिचिनी या अर्थशास्त्रज्ञांनी २००० साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात देणग्या गोळा करणाऱ्या विद्यार्थ्यांचे तीन गट होते. एका गटाला जमलेल्या रकमेचा १ टक्का, दुसऱ्याला १० टक्के आणि तिसऱ्याला काहीच दिले जाणार नव्हते. सर्वाधिक देणग्या या तिसऱ्या गटाने जमवल्या. मला पैशांपेक्षा, माझ्या सांगण्यावरून काय बदलले हे कळलेले अधिक आवडेल, आणि ते मात्र सहसा कोणीच कळवत नाही.

उत्तर ३

निष्कर्ष कळवण्याविषयी आपण जे लिहिले आहे ते अगदी योग्य आहे. ते कर्तव्य मानधन देऊनही संपत नाही. परंतु आपण दिलेल्या प्रयोगाचा दुसरा भागही पाहावा लागेल. प्रश्न सोडवण्याच्या चाचणीत नाममात्र पैसे मिळालेल्यांची कामगिरी काहीच न मिळालेल्यांपेक्षा वाईट झाली, तर पुरेसे पैसे मिळालेल्यांची अधिक चांगली झाली. म्हणजे तो प्रयोग प्रामुख्याने तुटपुंज्या रकमेच्या विरोधात जातो.

वैद्यकीय संशोधनात या प्रश्नाचा विचार फार आधीपासून झालेला आहे. ‘सिऑम्स’ या आंतरराष्ट्रीय संस्थेची २०१६ ची मार्गदर्शक तत्त्वे असे सांगतात की सहभागी व्यक्तीला तिचा प्रत्यक्ष खर्च परत द्यावा, तिचा वेळ आणि गैरसोय यांची वाजवी भरपाई करावी, मात्र रक्कम इतकी मोठी नसावी की तिच्यासाठी माणूस स्वतःच्या विचाराविरुद्ध धोका पत्करील. एखाद्या आराखड्याच्या चाचणीत धोका अल्पच असतो, त्यामुळे यातील प्रलोभनाचा आक्षेप येथे फारसा लागू पडत नाही. आजारपण, कर्ज किंवा छळ अशा विषयांवर मुलाखती असतील तर मात्र तो पुन्हा उभा राहतो. म्हणून रक्कम आधीच जाहीर करावी, आणि कोणी अर्ध्यावर उठून गेले तरी ती पूर्ण द्यावी, हे संमतिपत्रातच लिहावे. आपल्याला आवडेल तेच बोलण्याच्या भीतीवरही याचाच उपयोग होतो, कारण रक्कम उत्तरांवर अवलंबून नाही हे समोरच्याला कळलेले असते. उलट, प्रकल्पावर प्रेम असलेला विनामूल्य स्वयंसेवक सहकाऱ्यांचे मन दुखावू नये म्हणून दोष सौम्य करून सांगतो. त्या पूर्वग्रहाची चर्चा आपल्याकडे फारच कमी होते.

रक्कम ठरवताना सर्वांना एकच तास धरू नये. स्क्रीन रीडर, म्हणजे पडद्यावरील मजकूर वाचून दाखवणारे सॉफ्टवेअर, वापरणाऱ्या व्यक्तीला तीच चाचणी पूर्ण करण्यास अनेकदा अधिक वेळ लागतो. सांकेतिक भाषेच्या दुभाष्याचे शुल्क आणि प्रवासखर्च तर मानधनातून कधीही कापू नयेत.

प्रश्नकर्ता

सर्वांचे मनापासून आभार. ज्यांना पैसे नको असतील त्यांच्यासाठी ती रक्कम प्रकल्पालाच देणगी म्हणून देण्याचा पर्याय ठेवावा, असे सुचवले गेले आहे. त्यात काही अडचण आहे का?

उत्तर १

पर्याय ठेवावा, पण तो मुलाखत घेणाऱ्याने समोरासमोर विचारू नये. ओळखीच्या माणसाने विचारल्यावर ‘मला पैसेच हवे आहेत’ असे म्हणणे अनेकांना जड जाते, आणि ज्याला गरज आहे तोच संकोचाने नकार देतो. सर्वांना मानधन मिळणार हे गृहीत धरावे आणि मुलाखतीनंतर एका छोट्या अर्जात प्रत्येकाला आपली निवड खाजगीपणे नोंदवू द्यावी. ती निवड संशोधकालाही दिसू नये. काही नोकऱ्यांत बाहेरून पैसे किंवा भेट घेण्यास मनाई असते, आणि सरकारी साहाय्यावर असणाऱ्यांच्या बाबतीत अशी रक्कम उत्पन्नात धरली जाण्याची शक्यता असते. त्यामुळे कोणी नको म्हटले तर कारण विचारू नये, आणि रक्कम कशा स्वरूपात दिली जाईल हे निमंत्रणातच सांगावे.