मऊसूत पोत: गुरगुट्या भात, सुती कपडे आणि गोधडी

पाऊसपाणी
पावसाळा आला की तीनच गोष्टी हव्याशा वाटतात: गुरगुट्या भात, अंगावर जुनं सुती कापड आणि पायांवर गोधडी. तिन्हींत सुख मऊपणाचंच, पण तिन्हीकडे तो हातचा निसटतोय.
१) भात कुकरमधून काढताना छान असतो, ताटात येईपर्यंत त्याचा गोळा होतो. तांदूळ कोलम, पाणी तिप्पट.
२) मलमलीचे कुडते आणि पंचे चार धुण्यांत पापडासारखे कडक होतात. पाणी बोअरचं आहे.
३) तीन जुन्या सुती साड्या निघाल्यात. त्यांत एका माणसाची गोधडी होईल का? टाका कसा, किती अंतरावर? सोफ्यावर टाकायलाही तीच वापरायची आहे.
नेमकी मापं सांगितलीत तर फार बरं होईल.

मेतकूट_तूप
भाताचं आधी सांगते. तिप्पट पाण्यात मऊ भात होतो, गुरगुट्या नाही. एक वाटी तांदळाला पाच वाट्या पाणी, तांदूळ नवा असेल तर साडेचार. जुना तांदूळ पाणी जास्त पितो आणि मोकळा शिजतो, म्हणून तो पुलावासाठी ठेवा. कोलमचा भात चवीला चांगलाच, पण त्याला तो लोण्यासारखा पोत येत नाही. आंबेमोहोर घ्या.

तांदूळ दोनदा धुवा आणि अर्धा तास भिजवा. हवी तर एक मोठा चमचा मूगडाळ घाला. कुकरमधलं भांडं निम्म्याच्या वर भरू नका, पेज उतू जाऊन शिट्टीत अडकते. पाच शिट्ट्या, मग मंद आचेवर आठ-दहा मिनिटं. वाफ आपोआप जिरू द्या. शिट्टी उचलून वाफ सोडली की पाणी उसळून वर येतं आणि दाणा अर्धवट फुटलेला राहतो.

झाकण काढल्याबरोबर मीठ घालून लाकडी डावाने घोटा. मिक्सर अजिबात नको, दाण्यातलं पिठूळ सत्त्व फुटून भाताची चक्क खळ होते. पळीतून सोडला तर ओघळावा, पण ताटात वाहत जाऊ नये, इतपत सैल. भात निवताना आवळतोच, तो दोष तुमचा नाही. म्हणून वाढायच्या वेळी पाव ते अर्धी वाटी उकळतं पाणी घालून पुन्हा घोटायचं. गार पाणी घातलंत तर ते मिसळत नाही, भात एकीकडे आणि पाणी एकीकडे. वर मेतकूट, मधोमध खळगा करून तूप.

मावळकर
वरच्या सगळ्याशी सहमत, फक्त इंद्रायणीला वगळू नका. आंबेमोहोर १५७ आणि आयआर ८ यांच्या संकरातूनच तो वाण आला आहे. वास आंबेमोहोराइतका नाही, पण चिकटपणा भरपूर. मात्र इंद्रायणीला पाणी अर्धी वाटी कमी घाला आणि जरा हलक्या हाताने घोटा. मऊ आणि गिळगिळीत यांतलं अंतर या तांदळात फार थोडं आहे.

धुणंवाळण
कपड्यांचं कारण तुम्हीच लिहिलंय: बोअरचं पाणी. त्यातले क्षार आणि वडीचा साबण मिळून न विरघळणारी कीट तयार होते आणि ती धाग्यांत बसते. साबण वाढवला की कीटही वाढते, म्हणजे नेमका उलटा परिणाम.

वडी बंद करा, पावडर नेहमीपेक्षा थोडी कमी घ्या, एक पाणी जास्त काढा. शेवटच्या बादलीत पाव ते अर्धी वाटी पांढरं व्हिनेगर घालून कपडे दहा मिनिटं बुडवून ठेवा. वास वाळताना उडून जातो. एक गोष्ट कटाक्षाने पाळा: ज्या पाण्यात ब्लीच आहे त्यात व्हिनेगर कधीही घालायचं नाही, विषारी वायू निघतो.

बाजारातला सॉफ्टनर पंचांना लावू नका. हाताला गुळगुळीत लागतं, पण धाग्यावर थर बसतो आणि पंचा पाणीच टिपत नाही. नवं कापड असेल तर आधी त्याची खळ काढा: रात्रभर साध्या पाण्यात, सकाळी कोमट पाण्यात चोळून, पाणी गढूळ यायचं थांबेपर्यंत. वाळत घालताना दोन्ही टोकं धरून जोरात झटका. वारा नसताना ताणून ठेवलेलं सुती कापड कडकच वाळतं. किंचित दमट असतानाच काढा, हाताने चोळा आणि मग पूर्ण वाळवा.

धावदोरा
तीन साड्या पुरतात. पाचवारी साडी साधारण साडेपाच मीटर लांब आणि सव्वा मीटरला थोडी कमी रुंद असते. प्रत्येकीचे १.५५ मीटरचे तीन तुकडे करा, एकूण नऊ. दोन तुकडे काठाकडून जोडले की अंदाजे पाच फूट बाय साडेसात फुटांचा एक पदर होतो. आठ तुकड्यांत चार पदर, म्हणजे चौघडी. नववा तुकडा किनारीला.

कापण्याआधी तिन्ही साड्या गरम पाण्यात धुवा, नाहीतर गोधडी पहिल्या धुण्यात एकीकडे आटून वेडीवाकडी होते. साडी पूर्ण सुती असल्याची खात्री नसेल तर एक धागा ओढून जाळून बघा. सुती धागा जळक्या कागदासारखा वास देतो आणि मऊ राख होते. वितळून कडक मणी झाला तर साडीत पॉलिस्टर आहे, ती बाजूला ठेवा. ती घाम टिपत नाही आणि पदर घसरतात.

उजेडासमोर धरून विरलेल्या जागा बघा. विरलेलं कापड आतल्या दोन पदरांत, धड असलेलं बाहेर. जमिनीवर पदर पसरून चारी कोपऱ्यांवर वजन ठेवा आणि वीतभर अंतरावर कच्चे टाके घाला. ही पायरी गाळली की खालचा पदर सरकून गोळा होतो आणि उसवण्याशिवाय इलाज राहत नाही.

मग जाड सुती दोरा, लांब सुई आणि साधा धावदोरा. टाका ६ ते ८ मिलिमीटर, दोन ओळींत बोटभर, म्हणजे दोन सेंटिमीटर अंतर. कडेने सुरू करून फिरत फिरत मध्यावर या. सगळा मऊपणा दोरा किती ओढता यावर आहे. टाका घातल्यावर कापड बोटाने सपाट करा, दोरा नुसता टेकला पाहिजे. घट्ट ओढलात तर चुण्या पडतात आणि गोधडी पुठ्ठ्यासारखी उभी राहते. ओळी सेंटिमीटरभरावर आणल्या तरी तेच.

सोफ्यावर टाकायची तर चौघडीपेक्षा तीनच पदर ठेवा, नीट पडते आणि वाळतेही लवकर.

पाऊसपाणी
उरलेल्या तुकड्यांचे उशीचे अभ्रे होतील का? उशी सावरीच्या कापसाची आहे, तीही गोळेगोळे झालीय.

धावदोरा
तीनच पदर केलेत तर पूर्ण तुकडे तीन उरतात, एक किनारीला, दोन अभ्र्यांना. अभ्रा दुहेरी कापडाचा शिवा, एकेरी विरलेलं कापड शिवणीशी फाटतं. सावरी मात्र धुऊ नका, भिजली की तिचा फुगारा जातो. खोळ उसवून कापूस हाताने मोकळा करा आणि पातळ कापडाखाली दोन-तीन तास उन्हात ठेवा. उघडा ठेवलात तर वाऱ्याने अंगणभर उडेल.